दिबुसेंगने ट्रॅकर निवडला त्याची हकीकत

दिबुसेंग मात्सोसोने गाडी घेतली तेव्हा तिने पन्नाशी ओलांडली होती. तोवरचं सगळं आयुष्य मिनीबस टॅक्सीत गेलं. सकाळी रांगेत उभं राहायचं, तिघींच्या सीटवर चौथी म्हणून दाबून बसायचं, मागच्यांचे सुटे पैसे पुढे सरकवायचे आणि हॉस्पिटल आलं की घसा ताणून ओरडायचं. ती सरकारी हॉस्पिटलच्या लाँड्रीत मुकादम होती. नवरा वारून बरीच वर्षं झाली होती, मुलगी ब्लूमफाँटेनला नांदत होती. काटलेहाँगमधल्या आमच्या गल्लीत तिचं घर माझ्या घरासमोरच. मी जन्मभर शहरबस चालवली, त्यामुळे तिला गाडी शिकवायचं काम आपोआप माझ्याकडे आलं. शिकताना ती माझ्यावर डाफरायची आणि मग गिअरची माफी मागायची.

गाडी सेकंडहँड होती. छोटी, पांढरी, आमच्याकडे प्रत्येक पाचव्या फाटकात दिसते तसली. स्वस्त, पेट्रोल कमी खाणारी, सुटे भाग कुठेही मिळणारे. चोरांनाही ती याच कारणांसाठी आवडते. तासाभरात उघडून भाग विकले की काम संपलं. विमा कंपनीच्या माणसाने फोनवर पहिल्याच दिवशी बजावलं, "मॅडम, ट्रॅकर बसवल्याशिवाय चोरीचा विमा लागू होणार नाही. ट्रॅकर आमच्या यादीतल्या कंपनीचाच हवा."

दिबुसेंगने मला फाटकाशीच गाठलं. "न्ताते, गाडी घ्यायला मला एवढा विचार करावा लागला नाही. आता हे ट्रॅकरचं काय करू?"

वडीलधाऱ्या माणसाला आमच्यात न्ताते म्हणतात. पण न्ताते झाल्याने ट्रॅकरमधलं कळतं असं नाही. मी म्हटलं, "चार जणांना विचार."

तेच चुकलं. तिने चौदा जणांना विचारलं. लाँड्रीतल्या बायकांपैकी एक म्हणाली हेलिकॉप्टरवाला घे, दुसरी म्हणाली हेलिकॉप्टर फक्त श्रीमंतांच्या गाड्यांसाठी उडतं. कोपऱ्यावर मागविन्या, म्हणजे मैद्याचे गोळे, तळणारी बाई म्हणाली, तिच्या दिराची गाडी ट्रॅकरसकट गेली आणि ट्रॅकरचे हप्ते तो अजून भरतोय. सगळ्यांवर वरचढ म्हणजे दिबुसेंगचा धाकटा भाऊ मोखेथी. तो मोबाइल दुरुस्त करतो, त्यामुळे जगातली तार असलेली प्रत्येक वस्तू आपल्याला कळते असं त्याला वाटतं.

"आउसी, तू त्या कंपन्यांच्या नादी लागू नकोस," तो म्हणाला. आउसी म्हणजे ताई. "मी तुला एक डबी आणून देतो. सिम घालायचं, गाडीला चिकटवायचं, झालं. गाडी कुठे आहे ते तुझ्या फोनवर."

"आणि ती चोराच्या अंगणात आहे असं फोनवर दिसलं, तर आणायला कोण जाणार? तू?"

"पोलीस जातील."

"पोलीस!" दिबुसेंग एवढंच म्हणाली आणि भांडी घासायला वळली.

शनिवारी ती मॉलमध्ये गेली. मला सोबत नेलं. तिथे जिन्याखाली ट्रॅकर कंपनीचं छोटं दुकान होतं आणि लांब नखांची एक हसतमुख मुलगी होती. तिने समोर तीन रंगांची पत्रकं पसरली. पहिल्या पॅकेजमध्ये गाडी चोरीला गेल्याचं आपण कळवायचं, मग कंपनी शोधणार. दुसऱ्यात आपल्या पर्समध्ये एक छोटं बटण असणार. बटण जवळ नसताना गाडी हलली की कंपनी स्वतःहून फोन करणार, फोन उचलला नाही तर माणसं पाठवणार. तिसऱ्यात याखेरीज बरंच काही होतं, अगदी रस्त्यात टायर फुटला तर मदतही.

"मला एकच सांग, बाळ," दिबुसेंग म्हणाली. "चोर गाडी घेऊन गेला तर ती आणायला तुम्ही जाता की मी?"

"आमची टीम जाते, मामा." आमच्याकडे वयाने मोठ्या बाईला मामा म्हणतात, म्हणजे आई.

"प्रत्येक पॅकेजमध्ये?"

"टीम प्रत्येक पॅकेजमध्ये आहे. पण लवकर जाणं दुसऱ्यात आहे."

"म्हणजे पहिल्यात ते उशिरा जातात?"

मुलगी माझ्याकडे बघून हसली. "पहिल्यात तुम्हाला कळेल तेव्हा ते जातात, मामा."

"आणि चोराने सिग्नल बंद पाडला तर? त्यांच्याकडे तसलं यंत्र असतं म्हणे."

"आमचं तंत्र वेगळं आहे."

"वेगळं म्हणजे कसं?"

त्यावर मुलीने पुन्हा पत्रक उघडलं आणि त्यातलं वाक्य वाचून दाखवलं. दिबुसेंगने तेच वाक्य आधीच दोनदा वाचलं होतं. तासभर असंच चाललं. शेवटी ती कंटाळून म्हणाली, "दे मधलं." करार तीन वर्षांचा होता. मुलीने एक गुप्त शब्द मागितला, म्हणजे पुढे फोनवर ओळख पटवता येईल. दिबुसेंगने काहीतरी सांगितलं आणि आम्ही निघालो. मॉलच्या दारात ती म्हणाली, "न्ताते, मी आत काय विकत घेतलं ते मला अजून कळलेलं नाही."

ट्रॅकर बसवणारा माणूस घरी आला. गाडीचा अर्धा डॅशबोर्ड त्याने उलगडून ठेवला आणि यंत्र कुठे लपवलं ते तिलाही सांगितलं नाही. नियमच तसा होता. पर्ससाठी बटण दिलं, किल्लीच्या रिंगएवढं.

तेव्हापासून फोन सुरू झाले. गाडी धुवायला मोखेथीने ती फाटकाबाहेर काढली की फोन. पर्स घरात आणि ती गाडीत असली की फोन. बटणातला सेल उतरला, फोन. लाँड्रीत यंत्रांच्या धडधडाटात तिला काही ऐकू यायचं नाही. मग ती ओल्या हातांनी अंगणात पळायची आणि ओरडायची, "मीच आहे! माझी गाडी भावानेच हलवली! मीच सांगितलंय त्याला धुवायला!" पलीकडची बाई शांतपणे म्हणायची, "कृपया आपला गुप्त शब्द सांगा."

कहर झाला तो गुरुवारी. गुरुवारी दुपारी आमच्या चर्चच्या बायका गणवेश घालून प्रार्थनेला जमतात. लाल ब्लाउज, काळा स्कर्ट, पांढरी टोपी. त्या दिवशी व्होसलूरसला एका घरी मयत झाली होती, तिथे प्रार्थना होती. दिबुसेंगने मोठ्या हौसेने चौघींना आपल्या गाडीतून न्यायचं कबूल केलं. त्यात मंडळाच्या प्रमुख, मे मालेफू, पुढच्या सीटवर. मे म्हणजे आई, आणि मे मालेफू म्हणजे भारदस्त बाई, त्यांच्यापुढे पाद्रीसुद्धा आवाज खाली करतात. दिबुसेंगने गणवेशाबरोबर काळी पर्स घेतली. बटण तपकिरी पर्समध्ये राहिलं. आणि प्रार्थनेला जायचं म्हणून तिने फोन बंद केला होता.

पेट्रोल पंपावर गाडी थांबली तोच पुढून एक आणि मागून एक अशा दोन मोटारी येऊन आडव्या लागल्या. छातीवर जाड जाकिटं घातलेली चार माणसं हातात बंदुका घेऊन उतरली.

"हात वर! सगळ्यांनी बाहेर या! किल्ली जमिनीवर टाका!"

पाच बायका गणवेशात, हात वर करून पंपावर उभ्या राहिल्या. पेट्रोल भरणारी पोरं पंपाच्या मागे दडली. मे मालेफूंची टोपी पडली आणि वाऱ्याने पाण्याच्या नळापर्यंत गेली, पण ती उचलायला हात खाली घेता येईना.

"अहो ही माझी गाडी आहे!" दिबुसेंग ओरडत होती. "तुम्ही माझेच नोकर आहात! दर महिन्याला तुमचे पैसे मी भरते!"

"मॅडम, फोन का उचलला नाही?"

"प्रार्थनेला निघाले होते म्हणून!"

"गुप्त शब्द सांगा, मॅडम."

ओळख पटली. त्यांच्यातल्या म्होरक्याने टोपी उचलून आणली, झटकली आणि अदबीने मे मालेफूंच्या हातात दिली. मग दिबुसेंगकडे वळून म्हणाला, "आम्ही आमचं काम केलं, मामा. तुम्हीच गाडीत नसतात तर आज तुम्ही आमचे आभार मानले असते." तो बोलला त्यात खोटं काही नव्हतं. पण परत येताना मे मालेफूंसकट चौघीही मिनीबसने आल्या.

त्या संध्याकाळी दिबुसेंग माझ्या ओट्यावर बसून रडली नाही, नुसती धुसफुसत राहिली. "मी गाडी कशाला घेतली हो? लोकांना चोरांची भीती, मला राखणदारांची!"

दुसऱ्या दिवशी तिने कंपनीला फोन लावला. आधी संगीत, मग दोन दाबा, चार दाबा, मग पुन्हा संगीत. तिला करार मोडायचा होता. करार मोडत नाही, पण पॅकेज खालचं घेता येईल, असं कळलं. तिने बटण परत केलं. आता कंपनी स्वतःहून फोन करणार नव्हती. गाडी गेली तर तिनेच कळवायचं.

"बघ, मी आधीच सांगत होतो," मोखेथी म्हणाला आणि आपली डबी घेऊन आला. लोहचुंबकाची काळी डबी मागच्या बंपरखाली चिकटवली. फोनवर नकाशात एक निळा ठिपका दिसायला लागला. दिबुसेंगला तो आवडला. लाँड्रीत चहा पिताना ती फोन काढून बघायची. ठिपका हॉस्पिटलच्या कुंपणाशी जागच्या जागी. काही दिवस ती खरोखर निवांत होती.

मग एका मंगळवारी दुपारी शिफ्ट संपवून ती बाहेर आली, तर जागा रिकामी. खाली काचेचा तुकडा नाही, काही नाही. शेजारच्या दोन गाड्यांमधे गाडीएवढी मोकळी जागा. फाटकावरच्या पहारेकऱ्याला विचारलं. तो म्हणाला, "तुमच्यासारखीच एक पांढरी गाडी मघाशी गेली. मला वाटलं तुम्हीच."

तिने कंपनीला फोन लावला. संगीत वाजलं. मग एक मुलगा बोलला, "आपला गुप्त शब्द?"

आणि दिबुसेंगला तो आठवेना. पंपावर बंदुकीपुढे आठवला होता, आता आठवेना. तिने आईचं नाव सांगितलं. चूक. गावाचं सांगितलं. चूक. "मॅडम, आता एकदाच सांगता येईल. मग आम्हाला फोन बंद करून आपल्याला उलट फोन करावा लागेल."

"अरे बाळा, गाडी चालली तिकडे! तू माझा आवाज ऐकतोयस ना? चोर असा रडतो का?"

तिच्यासोबत लाँड्रीतली मैत्रीण मोसेला उभी होती. ती म्हणाली, "अगं, लिंबू म्हण. तू सगळ्यालाच लिंबू ठेवतेस. फोनलाही तेच, कपाटालाही तेच."

"लिंबू!" दिबुसेंग ओरडली.

"धन्यवाद मॅडम. आमची टीम निघते आहे. आपण स्वतः गाडीमागे जाऊ नका."

तोवर मोसेलाने मला आणि मोखेथीला कळवलं होतं. मी माझी जुनी पिकअप घेऊन हॉस्पिटलला पोचलो. मोखेथी आपला फोन घट्ट धरून शेजारी बसला होता, ठिपका त्याच्याही फोनवर दिसायचा. "ठिपका चालू आहे, आउसी! थोकोझाच्या बाजूला! चला!"

आधी पोलीस ठाण्यात गेलो. काउंटरवरचा हवालदार सभ्य माणूस होता. त्याने सगळं ऐकलं, फोनवरचा ठिपकाही पाहिला. "मामा, ठाण्यात आत्ता एकही गाडी नाही. एक गॅरेजात आहे, दुसरी अपघाताला गेली आहे. आली की निघतो."

"माझ्याकडे पिकअप आहे," मी म्हटलं. "त्यात बसा."

"खासगी गाडीतून जाता येत नाही, न्ताते."

बाकावर बसून आम्ही ठिपक्याकडे बघत राहिलो. तो थोडा चालायचा, थांबायचा, पुन्हा चालायचा. दिबुसेंग उठायची, काउंटरपर्यंत जायची, परत यायची. पोलिसांची गाडी काही येईना. शेवटी ती म्हणाली, "मी इथे बसून माझी गाडी जाताना बघणार नाही." आम्ही निघालो. असं करू नये हे मला कळत होतं. पण तिला एकटीला जाऊ द्यायचं हेही जमेना.

थोकोझात एका किराणा दुकानासमोर ठिपका थांबला. आम्ही तिथे पोचलो. रस्त्यात पांढरी गाडी नव्हतीच. पावाची निळी व्हॅन उभी होती आणि तिचा ड्रायव्हर ट्रे उतरवत होता. मोखेथीने फोन नीट पाहिला, मग व्हॅनकडे पाहिलं, मग पुन्हा फोनकडे.

"हीच आहे," तो हळूच म्हणाला.

दिबुसेंग खाली उतरून सरळ त्या माणसासमोर जाऊन उभी राहिली. "माझी गाडी कुठे आहे?"

"कसली गाडी, मामा?"

"माझा ट्रॅकर तुमच्या व्हॅनवर आहे!"

"मला चोर म्हणता?" त्याने ट्रे खाली ठेवला. मख्वानाझी नावाचा झुलू माणूस, माझ्याच वयाचा. "सकाळपासून मी पाव वाटतोय. या गल्लीतलं एकेक दुकान साक्ष देईल. गाडी चोरायला मला वेळ आहे का?"

दुकानातली माणसं बाहेर यायला लागली. मी मध्ये पडलो. "बाबा, रागावू नका. बाईंची गाडी आत्ताच गेली आहे. जरा तुमच्या बंपरखाली बघू देता का?"

मख्वानाझी स्वतःच वाकला. मागच्या बंपरखाली हात घालून त्याने काळी डबी ओढून काढली. चोरांनी ती शोधून, काढून, चौकातल्या सिग्नलला शेजारी थांबलेल्या पहिल्या मोठ्या गाडीला चिकटवली असणार. त्याने डबी दिबुसेंगच्या हातात ठेवली. राग ओसरला होता. "दोन वर्षांपूर्वी माझीही गेली, मामा," तो म्हणाला आणि ट्रेमधला एक पाव तिच्या हातात दिला. तिने तो घेतला, कारण नको म्हणायलाही तिच्यात जोर उरला नव्हता. घरी येईपर्यंत एका हातात पाव, एका हातात डबी. मोखेथी मागे हौद्यात बसला होता. एरवी अखंड बोलणारा हा माणूस मागे पडणारा रस्ता बघत होता.

कंपनीचाही फोन आला. त्यांच्या टीमला सिग्नल आल्बर्टनपर्यंत मिळाला, मग तुटला. चोरांकडे सिग्नल बुजवणारं यंत्र असावं. "आम्ही लक्ष ठेवून आहोत, मॅडम."

"ठेवा," ती म्हणाली.

आणि त्यांनी खरंच ठेवलं होतं. चोर चोरलेली गाडी कुठेतरी गुपचूप उभी करतात, कोणी शोधत येतंय का ते बघतात, आणि कोणी आलं नाही की मग कामाला लागतात. या चोरांनी घाई केली. एका गोदामाच्या अंगणात गाडीची चाकं काढताना त्यांनी ते यंत्र बंद केलं आणि डॅशबोर्डमागे लपवलेला ट्रॅकर पुन्हा बोलायला लागला. टीम पोचली तेव्हा माणसं भिंतीवरून पळाली होती. गाडी विटांवर उभी होती. चाकं नाहीत, बॅटरी नाही, पुढच्या दोन्ही सीटा नाहीत, एक दार नाही.

आम्ही ती पोलिसांच्या आवारात पाहिली. दिबुसेंगने आत डोकावून पाहिलं, मागच्या सीटवर तिची छत्री तशीच पडली होती. ती उचलायला गेली तर आवारातला माणूस म्हणाला, "तपास होईपर्यंत आतल्या वस्तूला हात लावायचा नाही." तपास होईपर्यंत म्हणजे किती, ते त्याला सांगता येईना. कधी बोटांचे ठसे घेणारा रजेवर, कधी इंजिनाचा नंबर तपासणारा दुसरीकडे. दिबुसेंग पुन्हा मिनीबसने कामाला जायला लागली. वाटेत उतरून आवारात चौकशी करायची आणि उशिरा पोचल्याबद्दल लाँड्रीत बोलणी खायची.

गाडी सुटली तेव्हा विमा कंपनीला फोन झाला. आता चाकं, दार, सीटा यांचे पैसे मिळतील अशी आम्हाला खात्री होती.

"मॅडम, आपल्याकडे आगाऊ सूचना देणारा ट्रॅकर होता. तो आपण कमी केलात, आम्हाला न कळवता."

"तुम्ही फक्त ट्रॅकर हवा म्हणाला होता! ट्रॅकर होता! त्या ट्रॅकरनेच गाडी सापडली!"

"आपल्या गाडीच्या प्रकारासाठी आगाऊ सूचना ही अट आहे, मॅडम."

"मग ते मला तेव्हा का नाही सांगितलं?"

त्यावर संगीत सुरू झालं. तिने फोन टेबलावर उलटा ठेवला, संगीत चालूच राहिलं. मी तिच्याकडे पाहिलं नाही. असल्या वेळी माणसाकडे बघू नये.

ती हरली मात्र नाही. महिनोन्महिने ती फोन करत राहिली, विम्याच्या तक्रारी घेणाऱ्या कचेरीत जाऊन बसली, तिथल्या बाईला पंपापासून पावापर्यंत सगळं सांगितलं. शेवटी विमा कंपनीने निम्मं नुकसान भरून दिलं, तेही उपकार केल्यासारखं. उरलेल्यासाठी ती आणि मी भंगारवाल्यांकडे हिंडलो. दार मिळालं ते लाल. सीटा मिळाल्या त्या दोन वेगळ्या गाड्यांतल्या, एक उंच, एक बसकी. चालवायला बसली की दिबुसेंग शेजारच्या माणसापेक्षा वीतभर वर दिसते.

ट्रॅकरचं पॅकेज पुन्हा निवडायचं होतंच. या वेळी ती एकटी गेली. त्याच दुकानात, त्याच मुलीकडे. परत आल्यावर मला म्हणाली, "पुन्हा बटणवालाच घेतला."

"बटणवाला? पंपावरचं विसरलीस?"

"विसरले नाही. दुसरं काही नाहीच, न्ताते. बिनबटणाचा घेतला तर विमा नाही. डबी घेतली तर पाववाला सापडतो. चौदा जणांना विचारलं, सहा महिने डोकं पिकवलं, आणि निवड म्हणाल तर पहिल्यापासून एवढीच होती." तिने स्टिअरिंगला लावायचा पिवळा लोखंडी दांडा पिशवीतून काढून दाखवला. "आणि हा. याला गुप्त शब्द लागत नाही."

बटण तिने सोन्याच्या साखळीत ओवून गळ्यात घातलं. लाँड्रीतल्या बायकांना ते लॉकेट वाटतं. फोन अजूनही येतात, दांडा काढताना तिची बोटं अजूनही चेमटतात आणि ती त्या दांड्याला जे बोलते ते चर्चच्या गणवेशात बोलता येणार नाही.

परवा रविवारी ती गाडी धूत होती. मी फाटकाशी उभं राहून म्हटलं, "आउसी, विकून का टाकत नाहीस? एवढा जिवाला त्रास."

तिने फडकं बादलीत पिळलं. "विकू कोणाला? घेणारा आधी लाल दार बघणार, मग विचारणार, ट्रॅकर कुठला बसवू." तिने लाल दारावर पाणी ओतलं. "आणि मग मला त्याला खरं सांगावं लागेल. दुसरी बादली द्या ती इकडे."